मुंडाशाचं टोक

तवसिलिंगम माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचा, आधी डोक्याकडे. एखाद्याचं नाव विसरेल, त्याचा बाप कोण ते विसरेल, पण डोकं विसरणार नाही. देवळाच्या कमिटीचा सेक्रेटरी राजपळम, त्याचं डोकं मागून चपटं. त्याचा थोरला भाऊ नल्लपेरुमाळ, त्याचं कानांच्या वर फुगलेलं. किराणावाल्या ताणूचं वर निमुळतं, आंब्याच्या कोयीसारखं. हे सगळं त्याला तोंडपाठ. लेकीसाठी, पोन्मणीसाठी, तूत्तुकुडीचं स्थळ आलं तेव्हा हा मुलगा बघून घरी आला आणि बायकोला म्हणाला, "पोराचं डोकं छान गोल आहे. मुंडासं झकास बसेल."

"आणि नोकरी काय करतो?" चेल्लक्कनीने विचारलं.

"ती विचारायची राहिली."

लग्न झालं, जावई चांगला निघाला, आणि याचं श्रेय तवसिलिंगम आजही त्या डोक्यालाच देतो.

या वेडाला कारण होतं. पोटासाठी तो ताडावर चढायचा. बाराव्या वर्षापासून चढला. पहाटे तीस झाडं, दुपारनंतर पुन्हा तीच तीस, कमरेला नीरेचं मडकं आणि कोयता. छातीवर झाडाच्या खोडाने घासून घासून घट्टा पडलेला. पण गावात त्याला ताडवाला कुणी म्हणत नसे. तेनविळैत तो होता 'तलप्पा अण्णाची', म्हणजे मुंडासंवाला अण्णा, कारण मासी महिन्याच्या विसाव्या दिवशी, म्हणजे मार्चच्या सुरुवातीला, आमचे देव अय्या वैकुंडर यांच्या अवताराच्या सकाळी, गावातल्या झाडून साऱ्या पुरुषांच्या डोक्याला मुंडासं बांधायचा मान त्याचा. त्याच्या आधी त्याच्या बापाचा होता.

इतर देवळांत माणूस देवापुढे डोकं उघडं करतो. आमच्याकडे उलट आहे. अंगातला सदरा काढायचा आणि डोक्याला मुंडासं बांधून आत जायचं. गाभाऱ्यात मूर्ती नाही, आरसा आहे. आरशापुढे उभं राहिलं की दिसतो तो आपणच, आणि डोकं झाकलेलं असलं की तोही राजासारखा दिसतो. तवसिलिंगमच्या पणजोबाच्याही आधीच्या काळी ताडावर चढणाऱ्याने डोक्याला कापड बांधलेलं दिसलं, तर रस्त्याने जाणारा कुणीही बडा माणूस ते सोडायला लावायचा. सोडायचं, कमरेला गुंडाळायचं आणि कडेला हात बांधून उभं राहायचं. अय्यांनी सांगितलं, बांधा. तेव्हापासून आम्ही बांधतो.

तवसिलिंगमचा बाप म्हणायचा, "टोपी घालतात, मुंडासं बांधतात. जे एका फटक्यात चढतं ते दुसऱ्याला एका फटक्यात उतरवताही येतं." हे वाक्य तवसिलिंगम दरवर्षी किमान दहा जणांना ऐकवायचा. ऐकून ऐकून गावातल्या शेळ्यांनाही ते पाठ झालं असेल.

अवताराच्या दिवशी नागरकोविलहून मोठी मिरवणूक निघते. भगवे झेंडे, रंगीत छत्र्या, टिपऱ्या खेळणारी पोरं, फुलांनी मढवलेल्या गाडीत पोथी. शुचींद्रमच्या वळणाला तेनविळैची माणसं तिला जाऊन मिळतात आणि उन्हं चढता चढता सगळे स्वामीतोप्पुला, अय्यांच्या मूळ ठिकाणी, पोचतात. वाटेत खाऱ्या वाऱ्याला कुणी अडवणारं नसतं. इतर गावांची निम्मी मुंडाशी तिथे पोचेपर्यंत गळ्यात आलेली असतात. तेनविळैचं एकही सुटत नाही. मणक्कुडीकडच्या एका गावात सुयंबू नावाचा म्हातारा बांधणारा होता. तो दरवर्षी स्वामीतोप्पुच्या झेंड्याच्या खांबापाशी तवसिलिंगमला गाठायचा.

"एकही सुटलं नाही? या वाऱ्यात? कुणाचा हात हो, अण्णाची?"

तवसिलिंगम उजवा हात खांद्याएवढा वर करायचा आणि म्हणायचा, "या हाताचा." त्या एका वाक्यावर तो पुढचं वर्षभर जगायचा, असं म्हटलं तरी चालेल.

बांधायची पद्धत अशी. माणूस देवळाबाहेरच्या स्टुलावर बसणार. आमच्या गावचं देऊळ म्हणजे छोटीशी कौलारू खोली, पण तिच्यापुढे अंगण ऐसपैस आहे. तवसिलिंगम मागे उभा राहून पाच हात लांब भगवं कापड डोक्याभोवती फिरवणार, आणि कापडाचं दुसरं टोक ताणून धरून समोर उभी चेल्लक्कनी. एकेक वेढा बसेल तशी ती एकेक पाऊल पुढे येणार. एक्केचाळीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि एक्केचाळीस वर्षं तो सगळ्या गावादेखत तिच्यावर खेकसत आला होता.

"घट्ट धर! डोळे कुठे आहेत तुझे? झोपलीस का?"

ती हूं की चूं करायची नाही. शेजारणींनी कधी विचारलं, "अक्का, तुम्हाला जमतं का हो हे मुंडाशाचं?" तर म्हणायची, "छे गं, मी नुसतं टोक धरते."

तिचं स्वतःचं काम वेगळं होतं. गावात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला पहिले चाळीस दिवस तेल लावून न्हाऊ घालायचं काम तिचं. पाय पसरून बसायची, बाळाला नडग्यांवर आडवं घ्यायची आणि डोकं चोळून चोळून गोल करायची. पण त्यासाठी तिला कुणी टोपणनाव दिलं नव्हतं. मुंडासंवाला गावात एकच असतो, बाळं काय रोजच होतात.

गेल्या ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या सुमाराला, तवसिलिंगम पडला. चौसष्टाव्या वर्षी, कुणाच्या तरी छपराला झावळ्या हव्यात म्हणून चढला आणि उतरताना शेवटच्या दहा हातांत घसरला. "बावन्न वर्षांनी झाडाने ओळख दाखवली," असं तो भेटायला येणाऱ्यांना हसत सांगायचा. उजवं मनगट मोडलं. वैद्याने बसवलं, पण वाकडं बसलं. अंगठा दाबला जाईना. घास तोंडापर्यंत जायचा, कोयता धरता यायचा नाही. नीरा काढणं सुटलं, त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. मासी महिना जवळ येऊ लागला तशी मात्र त्याची झोप उडाली.

त्यातच पोन्मणीला दिवस भरत आले. डॉक्टरीणबाईंनी प्रवास करू नको म्हणून बजावलं, तेव्हा लेक माहेरी यायच्या ऐवजी आईच तूत्तुकुडीला गेली. जाताना म्हणाली, "अवताराच्या आदल्या दिवशी येतेच. तोवर हाताला तेल लावत जा आणि कुणाशी भांडू नका." यातलं निम्मं त्याने ऐकलं. तेल लावलं.

मासीच्या पहिल्या रविवारी त्याने देवळाच्या अंगणात हात आजमावून बघायचं ठरवलं. टोक धरायला ताणूला उभा केला. ताणू गडी चांगला, पोत्यांची ओझी उचललेला, त्याने टोक असं ओढलं की मधे बसलेला राजपळम स्टुलासकट पुढे सरकला.

"अरे, मान उपटतोस का?" राजपळम ओरडला.

तवसिलिंगमने डाव्या हाताने वेढे घेतले, वाकड्या उजव्याने जमेल तेवढं दाबलं, शेवट खोचला. दिसायला ठीक दिसत होतं. राजपळम माइकपुढे उभा राहून वर्गणीदारांची नावं वाचू लागला. सातव्या नावाला मुंडासं भुवयांवर आलं, दहाव्याला डोळ्यांवर. अकरावं नाव त्याने न बघताच वाचलं आणि ते चुकलं.

दुसऱ्या रविवारी चार डोकी बांधली. त्यातली तीन सुटली. नल्लपेरुमाळचं तर पेज वाढायला वाकल्यावर सगळंच्या सगळं हंड्यात उतरलं. लोक हसले, आणि मग हसल्याचं वाईट वाटून गप्प झाले. ते गप्प होणं तवसिलिंगमला हसण्यापेक्षा जास्त लागलं. देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या आपसात म्हणाल्या, "हात गेला बिचाऱ्याचा." त्या कुजबुजल्या, पण आमच्याकडच्या म्हाताऱ्यांची कुजबूज शेताच्या बांधापर्यंत ऐकू जाते.

तिसऱ्या दिवशी राजपळम घरी आला. शाळेत हेडक्लार्क होता तो. सगळं टापटीप लागायचं. त्याने आधी हाताची चौकशी केली, मग तूत्तुकुडीला नुकत्याच झालेल्या नातवाची, मग कोंबड्यांची. तेव्हाच तवसिलिंगमला कळलं की काहीतरी अवघड बोलायचं आहे.

"अण्णाची, रागावू नका. कमिटीने एक ठरवलंय."

"बोल."

"नागरकोविलमध्ये तयार मुंडाशी मिळतात. शिवलेली. आतून मऊ, मागे इलास्टिक. नुसतं डोक्यावर ठेवायचं. यंदापुरतं हो! हात बरा झाला की पुढच्या वर्षी पुन्हा तुम्हीच."

"म्हणजे टोप्या," तवसिलिंगम म्हणाला.

"टोपी नाही, मुंडासंच. जरीची किनार पण आहे."

"जरीची किनार लावली म्हणून गाढवाचा घोडा होतो का रे? राजपळम, माझा बाप काय म्हणायचा माहीत आहे ना?"

"माहीत आहे, अण्णाची," राजपळम घाईघाईने म्हणाला. "पण वाटेत सगळ्या गावाची मुंडाशी सुटली तर? तुमचंच नाव जाईल."

 तवसिलिंगमने आपलं वाकडं मनगट दुसऱ्या हाताने दाबून बघितलं. मग म्हणाला, "आणा. पण मी येणार नाही. घरातच अय्यांना हात जोडीन."

जन्मात एकदाही त्याची अवताराची वाट चुकली नव्हती. तापात चालला होता, बाप गेला त्या वर्षी चालला होता. आता तो भगवं कापड घडी करून ट्रंकेत ठेवताना रडला, अगदी लहान पोरासारखा, आणि मग कोंबड्या अंगणात आल्या म्हणून त्यांच्यावर ओरडला.

अवताराच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला चेल्लक्कनी आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मॅकरूनचा डबा. तूत्तुकुडीला जाऊन ते न आणणाऱ्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत. नातवाचं वजन, नातवाचा रंग, नातवाचं रडणं सगळं सांगून झालं.

"डोकं?" तवसिलिंगमने विचारलं.

"बापासारखं. गोल."

एवढ्यावर तो जरासा हसला आणि पुन्हा भिंतीला टेकून बसला. तिने त्याला पुरतं ओळखलेलं. ताडगुळाची कॉफी पुढ्यात ठेवून म्हणाली, "काय झालंय?"

त्याने सगळं सांगितलं. माइक, पेजेचा हंडा, इलास्टिक. "हात गेला माझा," शेवटी म्हणाला.

चेल्लक्कनीने कॉफीचा घोट घेतला. "टोक कोण धरत होतं?"

"ताणू. चांगला रेड्यासारखा ओढतो."

"आणि पीळ?"

"कसला पीळ?"

तिने पेला खाली ठेवला. "प्रत्येक वेढ्याला टोकाला पीळ द्यायचा असतो ना. अर्धा. त्याने आत कापडाची दोरी होते आणि वेढा डोक्याला धरून राहतो. नुसतं ताणलं तर सुटणारच."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं कशाला कुणी? लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी नुसतं ताणून धरलं होतं. निम्मी मुंडाशी सुटली आणि तुम्ही घरी येऊन माझ्यावर ओरडलात. दुसऱ्या वर्षापासून पीळ द्यायला लागले."

"एक्केचाळीस वर्षं?"

"चाळीस. पहिलं वर्ष सोडून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही डोक्याकडे बघत होतात," चेल्लक्कनी म्हणाली. "माझ्याकडे बघितलं असतंत तर दिसलंच असतं."

ती हे रागाने बोलली नव्हती. रागाने बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. तो उठून विहिरीपाशी गेला आणि कठड्यावर बसला. सुयंबूपुढे वर केलेला हात त्याला आठवत होता, एकेका वर्षाचा. लाज वाटली त्याला, अंगभर. बायकोपुढे लाज वाटायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे ती कुठे ठेवावी ते कळेना.

परत आला आणि थेट ट्रंक उघडली. कापड तिच्यापुढे धरलं. "दाखव."

डोकं हवं होतं म्हणून तिने पाण्याची घागर पालथी घातली. आधी नेहमीसारखं करून बघितलं, तो बांधणार, ती टोक धरणार. वेढे बसले, पण शेवट खोचायला अंगठा लागतो आणि अंगठा दाबेना. घागरीवरचं मुंडासं हळूच एका बाजूला कलंडलं, दमलेल्या म्हाताऱ्यासारखं.

"बघ," तो म्हणाला. "हात गेलाच आहे."

"मग जागा बदला. डाव्या हाताने टोक धरता येतं ना? पीळही डाव्यानेच द्यायचा असतो. मी बांधते."

"तू?"

"एक्केचाळीस वर्षं समोरून बघतेय. कुठे दाबता, कुठे खोचता, सगळं येतं मला. धरा."

त्याने धरलं आणि पहिल्याच वेढ्याला असा पीळ दिला की कापडाची गाठ झाली.

"इतका नको! कुलपाची चावी नाही ती," ती म्हणाली. "अर्धा. तुमच्यातच एवढा पीळ आहे की कापडाला किती द्यायचा ते कळत नाही."

सहा वेळा घागर बांधली. सातव्या वेळी तिने घागर उचलून गदागदा हलवली, दोनदा पालथी-उलथी केली. मुंडासं जागचं हललं नाही.

"पण गाव काय म्हणेल?" तवसिलिंगम म्हणाला. "बायकोने बांधलं आणि हा टोक धरून उभा."

"तुमच्या बापाने मान कशाला दिला होता? तुमच्या हाताला का गावाच्या डोक्याला?" तिने घागर पुन्हा मोरीत ठेवली. "उद्या साठ-सत्तर माणसं टोप्या घालून अय्यांपुढे जाणार आहेत. तुम्हाला चालत असेल तर झोपा."

सकाळी उजाडताच देवळाच्या अंगणात राजपळमने खोकी फोडली होती. जरीच्या किनारीची तयार मुंडाशी वाटणं चाललं होतं. माणसं डोक्यावर ठेवून एकमेकांकडे बघत होती आणि नजर चुकवत होती, कारण सगळे लग्नातल्या बँडवाल्यांसारखे दिसत होते. तरी काढून कुणी ठेवत नव्हतं. सेक्रेटरीने मन लावून काम केलेलं, त्याला दुखवायचं कसं?

तेवढ्यात चेल्लक्कनी आली, कडेवर लाकडी स्टूल घेऊन. तिच्यामागे तवसिलिंगम, उघड्या डोक्याने, खांद्यावर कापडांची चळत. तिने स्टूल नेहमीच्या जागी ठेवलं आणि पदर कमरेला खोचला. "चला, बसा कोण पहिलं ते. मी बांधते, हे टोक धरणार."

 राजपळम पुढे आला. "अक्का, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण गावातल्या बाप्यांच्या डोक्याला बाईमाणसाने हात लावायचा, हे बरं दिसेल का?"

"राजपळम," चेल्लक्कनी म्हणाली, "तुमच्यातली निम्मी डोकी मी नडग्यांवर घेऊन चोळलीत. तेव्हा डोकीच काय, बाकीचंही सगळं उघडंच होतं. तेव्हा कुणाला लाज वाटली नाही, आता कशाची वाटते?"

बायका पदराआड हसल्या, मग उघड हसल्या. पायरीवरच्या म्हाताऱ्या तर खोकेपर्यंत हसल्या. तरी पुढे कुणी येईना. आणि बरोबर त्याच वेळी नल्लपेरुमाळच्या फुगऱ्या डोक्यावरचं तयार मुंडासं 'चट्' करून उडालं. इलास्टिक त्याच्या कानावर बसलं ते वेगळंच.

"आई गं!" कान चोळत तो सरळ स्टुलावर येऊन बसला. "बांधा, अक्का. ही टोपी माझ्या डोक्याची नाही."

चेल्लक्कनी मागे उभी राहिली, तवसिलिंगम समोर. पहिला वेढा गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला तवसिलिंगमचं लक्ष सवयीने नल्लपेरुमाळच्या डोक्याकडे गेलं आणि टोक सैल पडलं.

"घट्ट धरा!" चेल्लक्कनी सगळ्या गावादेखत ओरडली. "डोळे कुठे आहेत तुमचे? झोपलात का?"

क्षणभर तवसिलिंगमचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग आख्खं अंगण हसलं, आणि त्या हसण्यात सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. एक्केचाळीस वर्षांची उधारी ती बाई सव्याज वसूल करत होती आणि त्याला ते आवडत होतं, हे त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. त्याने टोक ताणलं, अर्धा पीळ दिला आणि एक पाऊल पुढे आला.

"वाक," ती नल्लपेरुमाळला म्हणाली. तो वाकला. "मान हलव." त्याने हलवली. "उडी मार." सव्वाशे किलोच्या माणसाने उडी मारली, जमीन हादरली, मुंडासं हललं नाही.

मग रांगच लागली. माणसं इलास्टिकवाली मुंडाशी काढून मुकाट्याने खोक्यात टाकत होती आणि रांगेत उभी राहत होती. प्रत्येकाचं डोकं हातात आल्यावर चेल्लक्कनी काहीतरी बोलायचीच. "तू तर चाळीस दिवस एकसारखा रडत होतास." "तुझी टाळू भरायला वेळ लागला होता, आई घाबरली होती." मिशीवाली माणसं लहान पोरासारखी मान खाली घालून ऐकत होती. ताणू बसला तेव्हा तवसिलिंगम म्हणाला, "तुझी काही चूक नव्हती रे," आणि ताणूला हे नेमकं कशाबद्दल ते कळलं नाही.

शेवटी राहिला राजपळम. डोक्यावर जरीची किनार तशीच. खोकी बांधण्यात उगाच वेळ काढत होता. चेल्लक्कनीने स्टुलावरची धूळ झटकली. तो आला, बसला, डोक्यावरचं काढून मांडीवर ठेवलं.

"मागून चपटं आहे, अक्का. जरा सांभाळून."

"माहीत आहे. एकाच कुशीवर झोपायचास. आईला किती वेळा सांगितलं होतं, कूस बदलत जा म्हणून."

त्याचंही झालं. मग चेल्लक्कनीने नवऱ्याकडे बघितलं. त्याचं डोकं अजून उघडंच होतं. तो निमूटपणे स्टुलावर बसला. टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून राजपळमच्या हातात दिलं.

"अर्धा पीळ दे," तवसिलिंगम त्याला म्हणाला. "जास्त नको. कुलपाची चावी नाही ती."

बाप गेल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी दुसरं त्याच्या डोक्याला मुंडासं बांधत होतं. तिची बोटं कपाळावरून, कानांवरून गेली. बाळांना लावतात त्या तेलाचा वास त्यांना कायमचा लागलेला. त्याने डोळे मिटून घेतले, आणि उघडले तेव्हा ओले होते. "कापड डोळ्यात गेलं," तो म्हणाला. कापड डोळ्याजवळही नव्हतं, पण त्या दिवशी त्याला कुणी अडवलं नाही.

शुचींद्रमच्या वळणाला मोठी मिरवणूक मिळाली. 'अय्या शिव शिव शिव शिव, अरहरा अरहरा' म्हणत भगवा लोंढा चालला होता. तेनविळैची माणसं त्यात मिसळली, पुरुष पुढे, बायका मागे. वाटेत कुणी ताक दिलं, कुणी लिंबाचं सरबत, कुणी कापलेली काकडी. ताडांच्या रांगांतून वारा सुसाट सुटला होता. एक छत्री उलटून तिचा द्रोण झाला, दोन झेंडे काठीला गुंडाळले गेले, पुढच्या गावातल्या एकाचं मुंडासं सुटून मागच्याच्या गळ्यात पडलं. तवसिलिंगम दर शंभर पावलांवर मागे वळून आपली डोकी मोजत होता. त्रेसष्ट निघाली होती. स्वामीतोप्पुच्या कमानीखाली त्रेसष्टच्या त्रेसष्ट जागच्या जागी होती.

आत आरशापुढे त्याची पाळी आली. दरवर्षी तो तिथे उभा राहून मुंडाशाचे वेढे तपासायचा, सरळ आहेत का, सारखे आहेत का. देवापुढे उभं राहूनही लक्ष कामावर. या वर्षी वेढे बघितले आणि प्रत्येक वेढ्याबरोबर समोर एक पाऊल पुढे येणारी बाई त्याला आठवली, एक्केचाळीस वर्षं, तोंडातून शब्द न काढता. कपाळाला पांढरा नाम लावून घेऊन तो बाहेर आला.

झेंड्याच्या खांबापाशी सुयंबू उभाच होता. स्वतःचं मुंडासं खांद्यावर आलेलं. त्याने तेनविळैची डोकी लांबूनच न्याहाळली होती.

"यंदा बांधणार नाही म्हणे तुम्ही, असं ऐकलं होतं! हात मोडला म्हणाले. आणि हे तर नेहमीपेक्षा घट्ट! कुणाचा हात हो, अण्णाची?"

तवसिलिंगमचा उजवा हात सवयीने वर निघाला. छातीपर्यंत आला आणि थांबला. पलीकडे बायकांच्या पंगतीत चेल्लक्कनी पेजेचं पान पुढे ओढत होती. तिचं तोंड सुयंबूकडे नव्हतं, पण कान होता. तवसिलिंगमने तो वाकडा हात तिच्याकडे केला आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "हात तिचा. मी नुसतं टोक धरलं."